गणित दिनाला कापरेकर मास्तरांचाही फोटो लावा

22 डिसेंबर जवळ आला की शाळांमध्ये गणित दिनाची लगबग सुरू होते. भौमितिक आकृत्यांच्या रांगोळ्या, पुठ्ठ्याचे घन आणि शंकू, पाढ्यांच्या स्पर्धा, आणि टेबलावर हार घातलेला रामानुजन यांचा फोटो. रामानुजन यांचा जन्म 22 डिसेंबर 1887 चा, तमिळनाडूतल्या इरोडचा. त्यांच्या 125 व्या जयंतीच्या निमित्ताने केंद्र सरकारने हा दिवस राष्ट्रीय गणित दिन ठरवला आणि 2012 हे राष्ट्रीय गणित वर्ष म्हणून साजरं झालं.

अमेरिकेत याआधीच 'पाय दिन' सुरू झाला होता. पाय (π) म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, साधारण 3.14. 1988 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ यांनी तो पहिल्यांदा साजरा केला. तिकडे तारखेत महिना आधी लिहितात, म्हणून 14 मार्च म्हणजे 3/14. सगळ्यांनी गोल फेरी मारली आणि फळं भरलेले 'पाय' नावाचे गोड पदार्थ खाल्ले, कारण इंग्रजीत दोन्ही शब्दांचा उच्चार एकच. पुढे 2019 मध्ये युनेस्कोने हाच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला.

आपल्याकडे मार्च म्हणजे परीक्षांचा महिना, त्यात कुठला उत्सव! आपल्या पद्धतीने तारीख लिहिली तर 22 जुलै जास्त शोभतो: 22/7, म्हणजे पायचीच जवळची किंमत. भास्कराचार्यांनी 1150 च्या 'लीलावती'त हाच अपूर्णांक दिला आहे. तो स्थूल, पण व्यवहाराला पुरेसा, आणि सूक्ष्म उत्तर हवं असेल तर 3927/1250, असं तेच सांगतात. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला होता. त्या मठाला दिलेल्या दानाचा 1207 चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे सापडला.

पण गणिताशी खेळण्याची आपली सगळ्यात जवळची परंपरा सुरू होते ती देवळालीच्या एका शाळामास्तरांपासून. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, डहाणू. शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात, नोकरी 1930 ते 1962 देवळालीत. संशोधकाचं पद नाही, पदव्युत्तर पदवी नाही. मुलांच्या वह्या तपासायच्या आणि उरलेला वेळ आकड्यांना द्यायचा. अनेक विद्वानांनी हे काम किरकोळ मानलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यांनी 1949 मध्ये मांडलेला 6174 हा आकडा फळ्यावर करून बघावा असाच आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच. गणित वर्षाचाच आकडा घेऊ, 2012. 2210 मधून 0122 गेले, राहिले 2088. 8820 मधून 0288 गेले, 8532. आता 8532 मधून 2358 वजा करा: 6174. पुढे कितीही वेळा करा, 6174 च येणार. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोचताच. वर्गातल्या चाळीस मुलांनी चाळीस वेगळ्या संख्या घ्याव्यात आणि सगळ्यांचं उत्तर एकच यावं, यापेक्षा मोठी जादू शाळेत दुसरी कोणती? आणि मुलाला लागतं काय, तर हातच्याची वजाबाकी!

बाहेरच्या जगाला कापरेकर नीट कळले ते निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी. मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं.

त्यांच्या एका संख्याकुळाचं नाव आहे डेम्लो. 165 मध्ये कडेचे 1 आणि 5 मिळून मधला 6 होतो, 2553 मध्ये 2 आणि 3 मिळून मधले 5. हे नाव त्यांनी दिलं डोंबिवली (तेव्हाचं डेम्लो) स्टेशनावरून, कारण कल्पना तिथे सुचली. डोंबिवलीतली एखादी शाळा गणित दिनाला मुलांना घेऊन त्या फलाटावर गेली, तर मी मुद्दाम बघायला जाईन.