दहा वॉट म्हणजे किती आवाज?

भाच्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी बैठकीतल्या होम थिएटरला जोडली. आवाज आला, पण मेलेला. गोधडीखाली बसून वाजवल्यासारखा, तारेचा ठसका कुठेच नाही. मग त्याने मित्राचं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारी डबी, मध्ये लावलं, तर पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकावी तसं काहीतरी ऐकू यायला लागलं. रात्री मला फोन. "मामा, अँप घ्यायचाय. दहा वॉटचा घेऊ की पन्नासचा?"

वॉटचा आकडा खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो, म्हणून सगळे तोच विचारतात. कॉलेजात असताना मीही विचारला होता. पण आधी होम थिएटरवर गिटार का मेली, ते बघू. त्या दोन बिघाडांतच अँपचं, म्हणजे अँप्लिफायरचं, निम्मं शास्त्र आहे.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये माइक नसतो. तारांखाली पिकअप असतं, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत विद्युतदाब तयार होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच. नायलॉनच्या तारा चढवल्या तर पिकअपला काही कळतच नाही. हा दाब जेमतेम काही दशांश व्होल्टचा, आणि त्यामागे जोर नाही. झरा बारीक असलेल्या विहिरीवर मोठी मोटर बसवली की विहीर आटते. रोध जितका कमी तितकी ओढ जास्त. होम थिएटरच्या इनपुटचा रोध काही दहा हजार ओहमचा, म्हणजे ती मोठी मोटर. गिटारच्या अँपचं इनपुट साधारण दहा लाख ओहमचं असतं, ते थेंबाथेंबाने पाणी घेतं. ओढ जास्त झाली की वेढ्यांच्या गुणधर्मामुळे आधी वरचे सूर मरतात, आणि राहते ती गोधडी. लांबलचक केबलही थोडंफार हेच करते. घरात तीन मीटरची पुरते.

गांधीलमाशीचं कारण दुसऱ्या टोकाला, स्पीकरमध्ये. गिटारच्या अँपचा स्पीकर चांगला नसतो, निदान हाय-फायच्या अर्थाने. पाच हजार हर्ट्झच्या वर तो झपाट्याने हात वर करतो. पेडलमधून निघालेला वरचा सगळा कचरा त्या जाड कागदी कोनातच गाळला जातो. होम थिएटर बिचारं प्रामाणिक, वीस हजार हर्ट्झपर्यंत जे येईल ते सगळं ऐकवतं.

म्हणजे अँप हा आवाज मोठा करणारा डबा नव्हे. तो वाद्याचा उरलेला अर्धा भाग आहे, आणि त्याचा गुण त्याच्या अप्रामाणिकपणात आहे. हे भाच्याला पटेना, पण त्याच्या आईला एका मिनिटात पटलं. कारण ताईकडे मिरजेचा तानपुरा आहे.

तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो कणकण सरकवत ताई जवारी लावते आणि एका जागी तार एकदम उघडते, झणझणते. दोरा काढला तर तार साधी, सोज्वळ वाजते आणि ऐकवत नाही. घोडीचा माथा सपाट धारेचा नसून किंचित गोलसर असतो. थरथरणारी तार त्याला पुन्हापुन्हा घासून जाते आणि तिच्यात नवे उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते ऐकू येऊ नयेत असा नियम. तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, असं त्यांनी दाखवलं.

डिस्टॉर्शन ही विजेची जवारी. अँपला देता येतो त्याहून जास्त दाब तुम्ही मागितलात की लाटेचा माथा कापला जातो, आणि कापलेल्या लाटेत मूळ तारेत नव्हते इतके जोरकस उपस्वर येतात. ११० हर्ट्झच्या सुराचे दोन्ही माथे सारखेच कापले तर ३३०, ५५०, ७७० असे विषम पटीतले वाढतात. एक बाजू जास्त कापली तर २२०, ४४० हेही. जुन्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, अँपमध्ये माथा हळूहळू वाकतो. साध्या ट्रान्झिस्टर सर्किटमध्ये मर्यादेपर्यंत सगळं सरळ आणि मग कात्रीने कापल्यासारखं. व्हॉल्व्हवाला आवाज 'उबदार' वाटतो, त्यात या वाकण्याचा वाटा मोठा आहे.

गंमत म्हणजे हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये लिओ फेंडर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे, तिथून अँपकडे वळले. लंडनमध्ये जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. त्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जो पहिला अँप काढला तो फेंडरच्या 'बेसमन'वर बेतलेला, म्हणजे मुळात बेस गिटारसाठी केलेल्या यंत्रावर. त्यावर पोरांनी साधी गिटार लावून बटण शेवटपर्यंत फिरवलं.

आता वॉट. दुप्पट वॉट केले की ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, 'जरा वाढला वाटतं' इतपत. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी दहापट वॉट. पन्नास आणि शंभर वॉटच्या अँपमधला फरक किमतीत दिसतो तेवढा कानाला कधीच जाणवत नाही. स्पीकरचा फरक मात्र जाणवतो. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा ६ डेसिबल कमी देत असेल, तर ती तूट भरायला चौपट वॉट ओतावे लागतात, आणि हा आकडा खोक्यावर नसतो.

चांगल्या १२ इंची गिटार स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर ९७ डेसिबलच्या आसपास आवाज होतो. उलट मोजत या. दशांश वॉटला ८७. शतांश वॉटला ७७, म्हणजे कुणीतरी येऊन टीव्ही बारीक करायला सांगेल इतका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल. ताईचा फ्लॅट कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, आणि खालचे काका दुपारी झोपतात. भाच्याने पन्नास वॉटचा अँप आणला असता तरी तो वाजणार होता वॉटच्या शंभराव्या भागावर.

म्हणून व्हॉल्व्हचा अँप घरात वाया जातो. त्याची मजा तो दमायला लागला की सुरू होते, आणि पंधरा वॉटचा व्हॉल्व्ह दमेपर्यंत सोसायटीची मीटिंग बोलावली गेलेली असते. 'व्हॉल्व्हशिवाय आवाज नाही' ही श्रद्धा आहे, महागडी आहे. हल्लीचे डिजिटल अँप माथ्याचं ते वाकणं गणिताने करतात आणि घरगुती आवाजाला मला तरी फरक सांगता येत नाही. भाच्याला मी सांगितलं: गेन आणि मास्टर ही दोन बटणं वेगळी असलेला, हेडफोनची सोय असलेला, आठ इंची किंवा मोठ्या स्पीकरचा डिजिटल अँप घे. गेनने किती कापायचं ते ठरतं, मास्टरने किती ऐकवायचं ते. फिरोदिया करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेच्या, तालमीला ड्रमरसमोर उभं राहायचं असेल तर हिशेब बदलतो. तिथे ट्रान्झिस्टरचा चाळीस-पन्नास वॉटचा, १२ इंची स्पीकरचा हवा, नाहीतर स्वच्छ सूर ऐकूच येत नाही.

अमेरिकेतल्या आतेभावाकडून मागवू का, हाही प्रश्न आला. पुण्यात तो येतोच. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इथली २३०, ५०. व्होल्टेज बदलायचा स्विच मागे नसेल तर इथल्या सॉकेटात घालताक्षणी फ्यूज जातो, नशीब वाईट असेल तर बरंच काही. तपकीर गल्लीत स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण वारंवारता तो बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बेताने बांधलेला अँपचा ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. नकोच ते.

अँप आला आणि दोन दिवसांत तक्रार: "दुकानात छान वाजत होता." बघतो तर डबा जमिनीवर, कोपऱ्यात, आणि हा समोर उभा. कोपऱ्याच्या दोन भिंती आणि फरशी मिळून खर्ज फुगवतात. आणि वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. जाड्या तारेच्या ८२ हर्ट्झ सुराची तरंगलांबी चार मीटरच्या वर, तो सगळीकडे पसरतो. ३,००० हर्ट्झची अकरा सेंटिमीटर, स्पीकरच्या व्यासाहून लहान, त्यामुळे झोत होतो. तो झोत पोराच्या पोटऱ्यांना ऐकू येत होता. याने ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचं बटण, वाढवत नेला, समोर सोफ्यावर बसलेल्या ताईच्या कानात सुया. आम्ही अँप कोपऱ्यातून काढून लाकडी खुर्चीवर ठेवला. पाच मिनिटांत ट्रेबल निम्म्यावर आला, आणि खालच्या काकांच्या छताला जाणारा दणकाही कमी झाला असावा, कारण त्या दिवशी ते वर आले नाहीत.

बटणांबद्दल एकच. बेस, मिडल, ट्रेबल तिन्ही मधोमध ठेवले म्हणजे सपाट आवाज, असं वाटतं. फेंडर-मार्शल घराण्याच्या पारंपरिक सर्किटात तसं नसतं. तिथे मधोमध ठेवल्यावरही मधले सूर खचलेले असतात. सपाटाच्या जवळ जायचं तर मिडल पूर्ण आणि बाकी दोन जवळपास शून्यावर. पोरं उलटं करतात, मिडल काढून टाकतात. घरी हळू आवाजात ते भारी वाटतं, कारण हळू आवाजात कान खर्जाला बहिरा असतो (फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजलं). बँडमध्ये मात्र खर्ज बेस गिटार घेते, वरचा भाग झांजा घेतात, आणि मिडल नसलेली गिटार दिसते पण ऐकू येत नाही.

राहिली घुंघुं. भाच्याच्या गिटारला एकाच गुंडाळीची (सिंगल-कॉइल) पिकअप, म्हणजे ती घरातल्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्रही पकडते. फिरत्या खुर्चीवर बसून गोल फिरलं की घुंघुं कमीजास्त होते, एका दिशेला जवळजवळ नाहीशी. चिरचिर वेगळी होती; ती पंख्याचा रेग्युलेटर बंद केल्यावर थांबली. उपाय म्हणून गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलटे वेढे आणि उलटे चुंबक असलेली जोडपिकअप बांधली: तारेचा सूर बेरीज होतो, घुंघुं वजाबाकी.

एक उपाय मात्र कुणी सांगितला तरी करायचा नाही: प्लगची अर्थिंगची पिन काढणं. घुंघुं कधीकधी खरंच जाते. पण गिटारच्या तारा अर्थिंगलाच जोडलेल्या असतात, आणि त्यांवर तुमचा हात असतो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीला लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. सॉकेटला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. आणि व्हॉल्व्हचा अँप उघडू नका. प्लग काढल्यावरही आत तीनचारशे व्होल्ट बसून असू शकतात.

हे सगळं चालू असताना ताई आतून आली. भाच्याने गिटार खाली ठेवलेली, अँप चालू, खोलीत नुसती ती बारीक घुंघुं. ती दारात थांबली, कान दिला आणि म्हणाली, "हे पांढरी पाचला लावलंय का? जरा चढलंय."

घरी येऊन मोजलं. खालच्या सप्तकातली पांढरी पाच ४९ हर्ट्झ. आपली वीज ५०. आतेभावाकडची ६०, ती काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मधोमध पडते. तिला पेटीवर जागाच नाही.