सफरीतला बंदराचा दिवस: आमच्या प्रवाशांसाठी माहिती

किनाऱ्याने जाणाऱ्या आमच्या प्रत्येक शिडाच्या सफरीत एक अख्खा दिवस बंदरात काढायचा असतो. तो कोणता, हे आम्ही आधी छापत नाही. कप्तान हवामान पाहून ठरवतो. वारा ब्यूफोर्ट मापनानुसार (वाऱ्याचा जोर मोजायची 0 ते 12 अशी पट्टी) 6 वर, म्हणजे ताशी 22 ते 27 सागरी मैलांवर जाणार असेल, तर बोट धक्क्यालाच राहते. वारा पडला तरी समुद्र लगेच शांत होत नाही, त्यामुळे बाहेर लख्ख ऊन असतानाही कप्तान "आज नको" म्हणू शकतो.

हा दिवस वाया जात नाही. चालत्या बोटीवर बसल्या जागीही अंग सतत तोल सावरत असतं आणि तो शीण दोन दिवसांनी जाणवतो. म्हणून मनसोक्त झोपा, पाय मोकळे करा. धक्क्यावर उतरल्यावर जमीनच हलतेय असं वाटलं तर घाबरू नका. बहुतेकांना काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बरं वाटतं.

फक्त बोट धक्क्याला बांधणाऱ्या दोरांना हात लावण्याआधी विचारा, ही कळकळीची विनंती. दोर सैल दिसतो, पण तो मुद्दाम तसा सोडलेला असतो. पक्का धक्का जागचा हलत नाही, बोट मात्र पाण्याबरोबर वर-खाली होते. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात, पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही: जवळजवळ निम्मं मधल्या दोन तासांतच उतरतं. भरतीला कुणी दोर आवळून ठेवला, तर ओहोटीला बोटीचं सगळं वजन त्या दोरावर येतं. त्याच कारणाने सकाळी एका पावलात ओलांडलेल्या जागी दुपारी शिडी लागते. धक्का तरंगता असेल तर ही अडचण नसते. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात-पाय मात्र कधीच घालू नका. तिथला दाब झेलायला फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला टांगलेल्या गाद्या, आहेत.

आमची माणसं या दिवशी शिडं गोड्या पाण्याने धुऊन वाळवतात, दोर कुठे घासलाय ते बोटांनी चाचपून पाहतात. हौस असेल तर जरूर हात लावा, शिकवायला आम्हाला आवडतं. तुमचे भिजलेले कपडेही गोड्या पाण्यातूनच काढा. कापडात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून दोरीवर कडक वाळलेला सदरा रात्री पुन्हा दमट लागतो.

बहुतेक किनाऱ्यांवर भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. बंदराचं तोंड उथळ असेल तर निघण्याची वेळही तिच्यावरच ठरते आणि कधीकधी ती पहाटेची असते. संध्याकाळी फळ्यावर लिहिलेली वेळ पाहूनच झोपा, आणि रात्री बाहेर जाणार असाल तर बोटीवरच्या कुणाला तरी सांगून जा.