मागून घों-घों येतंय: बेअरिंग की टायर?

गाडीने पन्नास-साठचा वेग पकडला की मागून दूरवर विमान उडत असल्यासारखी घोंऽऽ सुरू होते. वेग वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो. या आवाजाचे नेहमीचे धनी दोनच: चाकाचं बेअरिंग (चाक ज्यावर सहज फिरतं ती आत गोळ्या असलेली कडी) किंवा टायर. दोघांचा सूर इतका सारखा असतो की मी एकदा अख्खा रविवार खर्चून मागचं डावं बेअरिंग बदललं, चक्कर मारायला निघालो, तर घों-घों जशीच्या तशी! टायरचा आवाज होता. तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी टायरवरून तळहात फिरवतो.

आधी इंजिनवरचा संशय मिटवा. मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू द्या. आवाज तसाच राहिला तर तो चाकांच्या फिरण्याशी बांधलेला आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियलवरही (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) संशय घेता येतो, पण त्याचं रडगाणं ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतं. बेअरिंग आणि टायरला ॲक्सिलरेटरचं फारसं सोयरसुतक नसतं. शिवाय आवाज मागचाच आहे ना, हे कोणाला तरी मागच्या सीटवर बसवून ऐकायला लावा. बंद गाडीत पुढचा आवाजही मागून आल्यासारखा वाटतो.

आता खरा फरक. टायर रस्त्याप्रमाणे बोलतो: खरबरीत काँक्रीटवर चढा आवाज, गुळगुळीत डांबरावर मऊ. बेअरिंगला रस्ता फारसा कळत नाही, त्याला भार कळतो. रस्ता रिकामा असेल तेव्हा स्टिअरिंग हलकेच दोन्ही बाजूंना वळवून पाहा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली आणि उजवीकडे वळताना दबली, तर संशय उजव्या बेअरिंगवर. काही बेअरिंगं मात्र उलटी वागतात, त्यामुळे नुसत्या वळणावरून बाजू ठरवून मोकळे होऊ नका.

टायर थंड असताना त्याच्या नक्षीवरून हात फिरवा, आधी पुढून मागे, मग उलट. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखं टोचलं, किंवा ठरावीक अंतरावर खळगे लागले, तर गुन्हेगार बहुधा सापडला. (हात सावकाश, झिजलेल्या टायरमधून तार बाहेर आलेली असू शकते.) खात्रीसाठी त्याच बाजूचे पुढचे-मागचे टायर अदलाबदल करा. आवाज पुढे सरकला की निकाल लागला.

टायर निर्दोष दिसला तर जॅक काढा. सपाट जमीन, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण, आणि गाडी जॅकवर नाही, स्टँडवर टेकलेली. हँडब्रेक सोडा, नाहीतर चाक फिरायचंच नाही. एका हाताने चाक फिरवा, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. चांगल्या बेअरिंगचं स्प्रिंगवर काही जाणवत नाही. खराब असेल तर जात्यात खडे अडकल्यासारखी खरखर तळहाताला लागते. कानाला जे ऐकू येत नाही ते इथे हाताला कळतं, आणि माझा भरवसा याच चाचणीवर. मग चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग सैल आहे, पण खडखडलं नाही म्हणजे ठीक आहे असं नाही. नुसतं सर्र-सर्र घासत असेल तर ते ब्रेकचं असतं, त्याला घाबरू नका.

दुरुस्तीत दोघांच्या वाटा वेगळ्या. बेअरिंग हबसकट (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागासकट) बोल्टने बसणारं असेल तर घरी जमतं. दाबून बसवायचं असेल तर प्रेस लागते. हातोडीने ठोकलं तर आतल्या गोळ्यांचे ठसे रिंगवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणायला लागतं. एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाड्यांत अनेक बेअरिंगांच्या एका बाजूला चुंबकी कडं असतं, ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. मधला मोठा नट शक्यतो नवा वापरा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यानुसार टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा.

टायरला मात्र औषध नाही, झिजलेली नक्षी परत येत नाही. शोधायचं ते कारण: शॉकअपमधून तेल गळतंय का, बॅलन्सिंग बिघडलंय का, चाकांची दिशा चुकली आहे का. मेलेल्या शॉकअपवर नवा टायर चढवला तर त्यालाही तसेच खळगे पडतात.

कधीकधी दोन्ही दुखणी एकदम असतात. सैल बेअरिंगवर फिरणारा टायर वेडावाकडा झिजतो, मग बेअरिंग बदलूनही थोडी घों-घों उरते. तेव्हा नवं बेअरिंग चुकीचं बसलं समजून हब पुन्हा उघडायला बसू नका. आधी टायर पुढे-मागे करा आणि एक चक्कर मारून या.