गुठळी हातात आली तेव्हापासून

मेंदूच्या धमनीतून काढलेली गुठळी गॉझवर ठेवली की अगदी क्षुल्लक दिसते. काही मिलिमीटर लांब. कधी गडद लाल आणि मऊ, तर कधी फिकट आणि चिवट. एवढ्याशा तुकड्यामुळे माणसाला पक्षाघात (स्ट्रोक) होतो, अर्धं अंग लुळं पडतं, वाचा जाते.

एका जागी तयार झालेली गुठळी रक्ताबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे अडकते, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलं. पण तो अभ्यास शवविच्छेदनावर उभा होता. मृत्यूनंतर रक्त आपोआपही गोठतं, गुठळीचं रूप पालटतं. जिवंतपणी ती कशी होती, हे त्यावरून सांगणं कठीण.

पुढे औषध आलं, तरी ही अडचण राहिलीच. गुठळीतल्या फायब्रिनचं, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचं, जाळं विरघळवणारं टीपीए हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिल्यास फायदा होतो, हे 1995 साली सिद्ध झालं. 1996 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मोठ्या धमनीतल्या कित्येक गुठळ्या मात्र त्याला दाद देत नसत. का, हे तपासणार कसं? औषध लागू पडलं तर गुठळी नाहीशी होई, नाही तर आतच राही.

2004 साली मर्सी नावाचं, बुचाच्या स्क्रूसारखं वेटोळं असलेलं उपकरण अमेरिकेत वापरात आलं. जांघेतल्या धमनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, वर नेऊन गुठळी ओढून काढता येऊ लागली. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी 25 रुग्णांच्या गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. हृदयातून आलेली गुठळी लाल, धमनीतल्या चरबीच्या थरावर बनलेली पांढरी, ही जुनी वाटणी तिथे टिकली नाही. दोन्हींत फायब्रिन, प्लेटलेट, तांबड्या आणि पांढऱ्या पेशींची सरमिसळ होती. माझ्या मते गुठळीच्या अभ्यासाची खरी सुरुवात इथे झाली.

2015 मध्ये पाच चाचण्यांनी स्टेंटच्या जाळीने गुठळी काढण्याचा फायदा निर्विवाद दाखवला आणि प्रयोगशाळांकडे नमुन्यांचा ओघ सुरू झाला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने आणि आयर्लंडमधल्या गॉलवेच्या संशोधकांनी पद्धतशीर संग्रह उभारले. गुठळी फॉर्मॅलिनमध्ये ठेवायची, मेणात बसवून पातळ काप काढायचे, रंगवायचे. एका खास रंगपद्धतीत तांबड्या पेशी पिवळ्या आणि फायब्रिन लाल दिसतं.

तांबड्या पेशींनी भरलेली गुठळी सीटी स्कॅनवर जास्त पांढरी उमटते, हे 2011 मध्येच कळलं होतं. फायब्रिन-प्लेटलेटची दाट गुठळी चिवट. ती सहजी निघत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागतात. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो डीएनएचा धागा. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, हे 2004 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवलं होतं, तेही जंतूंच्या संदर्भात. 2017 च्या सुमारास तीच जाळी स्ट्रोकच्या गुठळ्यांत सापडली. टीपीए फायब्रिन तोडतं, डीएनए नाही. प्रयोगशाळेत टीपीएच्या जोडीला डीएनए तोडणारं विकर दिलं, तेव्हा बाहेर काढलेल्या गुठळ्या लवकर विरघळल्या.

गुठळी नेमकी कुठून आली, हे मात्र निव्वळ तिच्या घडणीवरून अजून खात्रीने सांगता येत नाही. शिवाय काचपट्टीवर येते ती औषधाला पुरून उरलेली, धमनीतून ओढताना तुटलेली गुठळी. जी औषधाने आतच विरघळली, तिचा काप कुणालाच पाहायला मिळत नाही.