काट्यावरचे वजन आणि अंगातली चरबी : पूरक गोळ्या नेमके काय घटवतात?

तालमीत वाढलेल्या पैलवानाला हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. वजनगटात बसण्यासाठी वजन देण्याआधी जाड कपड्यांत धावून, घाम काढून आणि पाणी कमी करून दोन-तीन किलो उतरवता येतात. वजन दिल्यानंतर पाणी आणि जेवण पोटात गेले की त्यांतले बहुतेक भरून येतात. या खटाटोपात चरबी जवळजवळ जात नाही, जाते ते पाणी. कोल्हापुरातल्या जिममध्ये किंवा औषधाच्या दुकानात ‘फॅट बर्नर’चा, म्हणजे चरबी जाळण्याचा दावा करणाऱ्या पूरक गोळ्यांचा, डबा विकत घेणारा माणूस मात्र वजन उतरणे आणि चरबी उतरणे या दोन गोष्टी एकच धरून चालतो, आणि त्या डब्याचा खप बराचसा याच गैरसमजावर होतो.

काट्यावर दिसणाऱ्या आकड्यात हाडे, स्नायू, चरबी, पाणी आणि आतड्यांतले अन्न या सर्वांचा भार असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (अन्नातल्या साखर-पिष्टाचा शरीरातला साठा) सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. त्यामुळे भात-भाकरी एकदम कमी केली की पहिल्याच आठवड्यात वजन झपाट्याने उतरते. चरबीचा हिशेब याहून फार संथ आहे. शरीरातली एक किलो चरबी खर्ची पडायला साधारण 7,700 कॅलरींची तूट लागते. चार दिवसांत दोन किलो चरबी जायची, तर रोज 3,800 कॅलरींहून अधिक तूट हवी, आणि बैठे काम करणाऱ्या बहुतेक माणसांचा दिवसभराचा एकूण खर्चही तेवढा नसतो. म्हणून आठवड्याभरात भरघोस फरकाची हमी देणारी जाहिरात चरबीविषयी बोलत असणे शक्य नाही.

बाजारातल्या काही उत्पादनांचा परिणाम तर केवळ काट्यापुरताच असतो. ‘डिटॉक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक चहांत सोनामुखी असते. तिचे रेचक काम मोठ्या आतड्यात चालते, तर अन्नातल्या कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात. त्यामुळे पोट साफ होते, वजन थोडे कमी दिसते आणि चरबी होती तिथेच राहते. याच्या उलट उदाहरण व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात त्या क्रिएटिन या पूरकाचे आहे: ते घेणाऱ्याच्या स्नायूंत पाणी वाढते आणि काटा वर जातो, पण त्याचा अर्थ चरबी वाढली असा होत नाही.

खरोखर चरबीवर काम करण्याचा दावा असलेले घटकही आहेत, आणि त्यांची बाजू नीट तपासायला हवी. कॅफीनने विश्रांतीतला ऊर्जाखर्च थोडा वेळ काही टक्क्यांनी वाढतो, ही गोष्ट खरी आहे. मात्र त्या वाढीतून एका वेळी खर्च होणाऱ्या कॅलरी इतक्या थोड्या असतात की अर्ध्या भाकरीतही त्याहून अधिक मिळतात. आपल्या कोकमाच्या कुळातल्या गार्सिनिया कंबोजियाचा अर्क तर चरबी जाळणारा म्हणून जगभर गाजला. 1998 मध्ये अमेरिकेत 135 जणांवर 12 आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली, आणि तीत हा अर्क घेणाऱ्यांची चरबी नुसत्या निष्प्रभ गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा अधिक घटली नाही. दोन्ही गटांचे वजन मात्र उतरले, कारण दोघांनाही कमी कॅलरींचा आहार दिलेला होता. मला ही चाचणी फार बोलकी वाटते, कारण डब्याला मिळणारे श्रेय पुष्कळदा ताटाचे असते.

प्रथिनांची पावडर या रांगेत बसवणे योग्य नाही. ती चरबी जाळत नाही. परंतु आहार कमी केलेला असताना पुरेशी प्रथिने आणि जोडीला वजनाचा व्यायाम असेल, तर स्नायू टिकतात आणि उतरणाऱ्या वजनात चरबीचा वाटा वाढतो. तिचे मोल अन्न म्हणून आहे, आणि मटकी, अंडी, मासे, ताक यांतूनही ते काम साधते. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचे म्हशीचे दूध प्रथिने देते खरे, पण त्यात प्रथिनांपेक्षा चरबी जास्त असते, हे चरबी घटवू पाहणाऱ्याने लक्षात ठेवावे.

धोक्याची बाजूही हलकी नाही. सिब्युट्रामीन हे भूक मारणारे औषध हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे 2010 मध्ये अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून मागे घेतले गेले, तरीही त्यानंतर वजन घटवण्याच्या ‘नैसर्गिक’ गोळ्यांत ते लपवून मिसळलेले वारंवार सापडले आहे. ग्रीन टीचा साधा चहा आणि त्याचा अर्क यांतही अंतर आहे: अर्कातून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी (ग्रीन टीतला एक घटक) घेतल्यास यकृतावर ताण आल्याच्या खुणा रक्ततपासणीत दिसू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये नोंदवले. मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉईडच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डबा उघडण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावा.

आपले नेमके काय उतरते आहे, हे पाहायला काट्याच्या जोडीला मोजपट्टी लागते. सकाळी पोट रिकामे असताना, श्वास सहज सोडून, दर आठवड्याला एकाच जागी कंबर मोजावी; भारतीयांसाठी पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटर ही मर्यादा मानली जाते. महिनाभरात वजन तीन किलोंनी उतरले आणि कंबर तसूभरही हलली नाही, तर गेले ते बहुधा पाणी किंवा स्नायू, आणि तेव्हा नवा डबा आणण्याऐवजी रोजच्या जेवणातली प्रथिने आणि व्यायाम तपासावा.