अन्नकायद्याच्या फेलोशिपचं मूळ जप्तीच्या नोटिशीत

अमेरिकेतल्या काही लॉ स्कूलमध्ये शेती आणि अन्न या विषयात एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करणाऱ्यांना फेलोशिप मिळते. शुल्क माफ होतं, खर्चापुरतं विद्यावेतन मिळतं आणि त्या बदल्यात विद्यापीठाच्या केंद्रात शेतकऱ्यांच्या किंवा छोट्या अन्नउद्योगांच्या कायदेशीर कामाला हातभार लावावा लागतो. आज या फेलोशिपच्या माहितीपत्रकांवर सेंद्रिय भाजी आणि हसरे शेतकरी दिसतात. इतिहास मात्र कर्जाचा आणि जप्तीचा आहे.

अमेरिकेचं कृषी खातं १८६२ साली स्थापन झालं. कृषी महाविद्यालयांना जमिनी देणारा मॉरिल कायदाही त्याच वर्षीचा. या महाविद्यालयांत माती, बियाणं, जनावरांचे रोग असं सगळं शिकवलं जाई, पण शेतकऱ्याने सही केलेल्या करारात काय लिहिलंय हे शिकवायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. दुसरीकडे संसद शेतीला एकेका कायद्यातून वेगळी वागणूक देत गेली. १९२२ च्या कॅपर-व्होल्स्टेड कायद्याने शेतकरी सहकारी संस्थांना मक्तेदारीविरोधी कायद्यात सवलत दिली. १९३५ चा कामगार संघटनांचा कायदा आणि १९३८ चा किमान वेतनाचा कायदा, दोन्हींनी शेतमजुरांना बाहेर ठेवलं. दक्षिणेतल्या मळेवाल्यांना स्वस्त कृष्णवर्णीय मजूर हवे होते, हे त्यामागचं मोठं कारण. अशा रीतीने शेतीचा एक स्वतंत्र कायदा तयार झाला, फक्त तो एकत्र बांधून शिकवणारं कुणी नव्हतं.

१९८० मध्ये अमेरिकन ॲग्रिकल्चरल लॉ असोसिएशन स्थापन झाली. त्याच सुमारास आर्कान्सा विद्यापीठाने फेएटव्हिल इथे कृषी कायद्याचा एलएलएम सुरू केला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला अभ्यासक्रम. शेजारच्या स्प्रिंगडेलमध्ये टायसन या कोंबडी उद्योगाचं मुख्यालय आहे आणि जवळच्याच बेंटनव्हिलमध्ये वॉलमार्टचं. अन्नाचा कायदा शिकायला याहून बोलका परिसर शोधूनही सापडला नसता.

मग संकट आलं. सत्तरच्या दशकात कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी बांधापासून बांधापर्यंत पेरा असा सल्ला दिला होता. जमिनीचे भाव चढते होते, बँका कर्ज द्यायला उत्सुक होत्या आणि शेतकऱ्यांनीही ते घेतलं. जानेवारी १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सोव्हिएत रशियाला जाणारं १.७ कोटी टन धान्य रोखलं. महागाई आवरण्यासाठी मध्यवर्ती बँकेने पैसा आवळला आणि बँकांचा व्याजदर २० टक्क्यांच्या वर गेला. आयोवात एकरी सरासरी २,१४७ डॉलरवर असलेली जमीन १९८६ मध्ये ७८७ डॉलरवर आली. तारण घसरलं, व्याज मात्र धावतच होतं.

या गोष्टीतला एक मोठा सावकार सरकारच होतं. फार्मर्स होम ॲडमिनिस्ट्रेशन ही सरकारी संस्था, दुसरीकडे कर्ज न मिळणाऱ्या शेतकऱ्यांचा शेवटचा आधार. १९७८ च्या कायद्याने अडचणीतल्या शेतकऱ्याची वसुली पुढे ढकलण्याची मुभा तिला होती. पण ही सोय आहे हेच शेतकऱ्यांना कुणी सांगत नव्हतं. उलट पीक आणि जनावरं तारण असल्याने विक्रीचे पैसे अडवले जात, घरखर्चालाही सोडत नसत. अपील करावं, तर ऐकणारा अधिकारी त्याच खात्याचा.

नॉर्थ डकोटातल्या तरुण वकील सॅरा व्होगेल यांनी १९८३ मध्ये नऊ शेतकऱ्यांच्या वतीने याविरुद्ध दावा लावला. ‘कोलमन विरुद्ध ब्लॉक’ या नावाने तो ओळखला जातो. न्यायाधीश ब्रूस व्हॅन सिकल यांनी अशा वसुलीला आणि जप्तीला आधी राज्यापुरती आणि मग देशभर मनाई दिली. सुमारे २,४०,००० कर्जदारांना तिचा आडोसा मिळाला. अशिलांकडे फी द्यायला पैसे नव्हते आणि खटला चालू असताना व्होगेल स्वतःच कफल्लक झाल्या. १९८८ मध्ये त्या राज्याच्या कृषी आयुक्त म्हणून निवडून आल्या; या पदावर निवडून आलेल्या देशातल्या त्या पहिल्या महिला.

आजच्या फेलोशिपचं आर्थिक गणित मला या खटल्यातच दिसतं. ज्याला वकिलाची सर्वाधिक गरज, त्याच्याकडे वकिलाला द्यायला काही नसतं. गरिबांना वकील पुरवणाऱ्या सरकारी महामंडळाचा निधी रेगन सरकारने १९८२ मध्ये सुमारे एक चतुर्थांशाने कापला होता. शिवाय लॉ स्कूलमधून बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यावर स्वतःचंच मोठं कर्ज. तिसऱ्या कुणी पैसे दिल्याशिवाय हे दोघे भेटणार कसे?

सुरुवातीला ती सोय चळवळीतून झाली. १९८६ मध्ये मिनेसोटात शेतकऱ्यांना कायदेशीर मदत करणारा फार्मर्स लीगल ॲक्शन ग्रुप उभा राहिला. त्याच वर्षी कुटुंबाच्या शेतीसाठी दिवाळखोरी कायद्यात चॅप्टर १२ हे वेगळं प्रकरण आलं. १९८७ मध्ये आर्कान्सात नॅशनल ॲग्रिकल्चरल लॉ सेंटर सुरू झालं, आणि एलएलएमच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन घेऊन संशोधन करायला जागा मिळाली.

ताटातल्या अन्नाचा प्रश्न नंतर जोडला गेला. १९९० मध्ये सेंद्रिय अन्नाचा केंद्रीय कायदा झाला. १९९३ मध्ये जॅक इन द बॉक्स या फास्ट फूड साखळीच्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय या जिवाणूची लागण होऊन चार मुलं दगावली. २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्यात छोट्या शेतकऱ्यांना सूट मिळाली ती माँटानाचे तेव्हाचे सिनेटर आणि स्वतः शेतकरी असलेल्या जॉन टेस्टर यांच्यामुळे. पण आपण त्या सवलतीत बसतो का, हे ठरवायला विक्रीची रक्कम, ग्राहक कोण आणि अंतर किती, असा हिशेब करावा लागतो. सूट समजून घ्यायलाही वकील लागतो, हा खास कायद्याचा विनोद.

हार्वर्डने २०१० मध्ये अन्नकायद्याचं क्लिनिक, म्हणजे विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष कायदेशीर काम करण्याचं केंद्र, काढलं, तर व्हरमाँट लॉ स्कूलने नंतर शेती आणि अन्नव्यवस्थेचं केंद्र. तिथल्या कामात जमीन हा मोठा विषय आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्यांची जमीन पिढ्यान्‌पिढ्या न वाटता वारसांत राहते. सातबाऱ्यावर डझनभर नावं असावीत तसं. बाहेरचा एखादा एका वारसाचा हिस्सा विकत घेतो, कोर्टात वाटप मागतो आणि सगळी जमीन लिलावात काढतो. १९२० मध्ये सव्वानऊ लाखांच्या आसपास असलेले कृष्णवर्णीय शेतकरी आता ५० हजारांच्याही खाली आले, त्यात या लिलावांचाही वाटा आहे. अशी जमीन वाचवणारा नमुना कायदा २०१० मध्ये तयार झाला आणि राज्यं तो एकेक करून स्वीकारत आहेत.

शेतमजूर मात्र या अभ्यासक्रमांत बराच काळ कडेलाच राहिले. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये त्यांना टप्प्याटप्प्याने ओव्हरटाइमचा हक्क दिला. केंद्रीय कायद्यात मात्र शेतमजुरांना ओव्हरटाइम न देण्याची मालकांना १९३८ मध्ये मिळालेली सूट अजून तशीच आहे.