लग्नाची हायब्रिड फोटोग्राफी: फिल्म आणि डिजिटल एकत्र

एकाच लग्नाचे काही फोटो फिल्म कॅमेऱ्यावर काढायचे, काही डिजिटलवर काढायचे आणि जोडप्याच्या हातात दोन्ही मिळून एकच सलग अल्बम द्यायचा, या कामाच्या पद्धतीला हायब्रिड वेडिंग फोटोग्राफी म्हणतात. एकाच माणसाने फोटो आणि व्हिडिओ दोन्ही करणं यालाही हल्ली हायब्रिडच म्हणतात, त्यामुळे बुकिंगच्या बोलण्यात गोंधळ होतो, तर इथे तो अर्थ धरलेला नाही.

या पद्धतीत खरं महत्त्व आहे ते वाटणीला. कुठला क्षण फिल्मवर जाणार आणि कुठला कार्डावर, हे आधी ठरलेलं नसेल तर गळ्यात दोन कॅमेरे अडकवून फिरण्यात काही अर्थ नाही, उलट दोन्हीकडचं थोडं थोडं निसटतं. ३५ एमएमच्या रोलमध्ये ३६ फ्रेम, १२० च्या रुंद रोलमध्ये ६४५ कॅमेऱ्यावर (सहा बाय साडेचार सेंटिमीटरची फ्रेम) १५ किंवा १६, सहा बाय सहावर १२ आणि सहा बाय सातवर फक्त १०. डिजिटलवर अख्ख्या दिवसात काही हजार क्लिक सहज होतात. म्हणजे फिल्म हातात घेतली की शटर दाबायच्या आधी माणूस थांबतो, उजेड बघतो, समोरच्याशी दोन शब्द बोलतो. रंगाबद्दल लोक खूप बोलतात पण माझ्या मते फिल्मचा मोठा फायदा हा थांबण्याचाच आहे आणि तो पोर्ट्रेटमध्ये स्पष्ट दिसतो.

आधी काय होतं

१९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत लग्न म्हणजे फिल्मच. १९५७ साली आलेल्या हॅसेलब्लाड ५०० सी आणि त्याच्या पुढच्या मॉडेलांवर, ममिया-पेंटॅक्ससारख्या मीडियम फॉरमॅटवर (१२० च्या रोलवर चालणारे कॅमेरे) पोर्ट्रेट आणि धावपळीला ३५ एमएम, अशी वाटणी तेव्हाही होती. १९९९ ला निकॉन डी१ हा डिजिटल कॅमेरा आला, २००० ला कॅनन डी३०, आणि २००५ ला कॅनन ५डी आल्यावर फुल फ्रेम सेन्सर, म्हणजे ३५ एमएम फ्रेमएवढा सेन्सर, साध्या व्यावसायिक फोटोग्राफरच्या आवाक्यात आला. त्या मधल्या काळात दोन्ही एकत्र वापरणारे लोक होतेच पण कारण वेगळं होतं, डिजिटलवर अजून विश्वास नव्हता म्हणून फिल्म सोबत ठेवायची. आता बरोबर उलटं आहे, जबाबदारी डिजिटलवर असते आणि फिल्म आवडीने, ठरवून वापरली जाते.

मधे फिल्म संपणार असंच वाटत होतं. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१३ पासून त्यांची फोटो फिल्म कोडॅक अलारिस या वेगळ्या कंपनीमार्फत विकली जाऊ लागली. तरीही १९९८ पासून चालत आलेली कोडॅकची रंगीत निगेटिव्ह फिल्म पोर्ट्रा टिकली, नवीन पोर्ट्रा ४०० २०१० मध्ये आणि १६० त्याच्या पुढच्या वर्षी आली, आणि आज लग्नाच्या रंगीत फिल्मचं नाव काढलं की पहिलं नाव तेच येतं. फुजीची प्रो ४०० एच ही दुसरी लाडकी फिल्म, फिकट, हवेशीर रंगांसाठी लोक ती शोधून घ्यायचे, ती जानेवारी २०२१ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं आणि बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं बसवलेला आपला रंग नव्याने बसवावा लागला. कॅमेऱ्यांचंही तसंच आहे, लग्नवाल्यांचा आवडता कॉन्टॅक्स ६४५ फक्त १९९९ ते २००५ एवढाच काळ बनला, तो इलेक्ट्रॉनिक आहे, बिघडला की पार्ट मिळवताना जीव जातो, म्हणून त्याच्यावर काम करणारे दुसरी बॉडी जवळ ठेवतातच. चांगली गोष्ट म्हणजे १९८४ चा लायका एम६ हा ३५ एमएम कॅमेरा कंपनीने २०२२ मध्ये परत बाजारात आणला.

एक्स्पोजर: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

निगेटिव्ह फिल्म आणि डिजिटल सेन्सर उजेडाला बरोबर उलटे वागतात आणि हायब्रिड करणाऱ्याने दुसरं काही नाही तर हे एवढं पक्कं डोक्यात ठेवावं. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल एका मर्यादेपर्यंत उजेड साठवतो, ती मर्यादा ओलांडली की तिथली माहिती कायमची गेली, पांढऱ्या कपड्याच्या चुण्या उडाल्या की त्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाहीत. अंधाऱ्या भागातून मात्र रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, बरंच काही वर खेचता येतं. निगेटिव्हवर उलट, जास्त उजेड पडला तर ती जागा जास्त दाट होते आणि दाट होत होत हळूहळू सपाट होते, एकदम तुटत नाही, त्यामुळे दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) ओव्हर झालेली पोर्ट्रासुद्धा छान स्कॅन होते. पण सावलीत पुरेसा उजेड पोचलाच नाही तर निगेटिव्ह तिथे कोरी राहते आणि कोऱ्या जागेतून स्कॅनर काय काढणार, मळकट सावल्या आणि मोठाले ग्रेन म्हणजे रवे, एवढंच हाती लागतं.

म्हणून सवय अशी लावायची की डिजिटलवर हायलाइट म्हणजे उजळ भाग सांभाळायचे आणि फिल्मवर सावली. फिल्मसाठी हातात धरायचा लाईट मीटर सावलीत धरून रीडिंग घेतात, ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) फिल्म असली तरी मीटरवर २०० लावतात, म्हणजे एक स्टॉप उजेड जास्तच मिळतो. आता होतं काय की घाईत माणूस डिजिटलच्या स्क्रीनवर फोटो बघतो, छान आलाय म्हणतो आणि तेच आयएसओ, तेच शटर, तेच अ‍ॅपर्चर फिल्म कॅमेऱ्यावर लावतो. डिजिटलचं ते एक्स्पोजर हायलाइट वाचवायला मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, त्यामुळे अख्खा रोल एक-दोन स्टॉप अंडर जातो आणि हे कळतं कधी तर रोल धुवून आल्यावर, तोवर लग्न होऊन आठवडे गेलेले असतात. दोन कॅमेरे, दोन वेगळी मोजमापं, इथे शॉर्टकट नाही.

लॅबला पुश करायला सांगणे, म्हणजे रोल डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायला लावणे, हा उपाय आहे पण अर्धामुर्धा. त्याने मधले टोन वर येतात, कॉन्ट्रास्ट वाढतो, रंग थोडे सरकतात, पण सावलीत जे नोंदलंच गेलं नाही ते येत नाही. ब्लॅक अँड व्हाइटला पुश चांगला मानवतो, कोडॅकची ट्राय-एक्स किंवा इलफर्डची एचपी५ या ४०० च्या फिल्म १६०० ला काढून पुश करणं ही जुनी रुळलेली गोष्ट आहे, आणि फारच अंधार असेल तर डेल्टा ३२०० किंवा २०१८ मध्ये परत आलेली टी-मॅक्स पी३२०० आहेच.

उजेडाच्या रंगाचंही बघावं लागतं. बहुतेक रंगीत निगेटिव्ह दिवसाच्या उजेडाला, साधारण ५५०० केल्विनला धरून बनवलेली असते, पिवळ्या दिव्यांखाली ती नारिंगी होते आणि डिजिटलसारखं व्हाइट बॅलन्सचं बटण तिथे नसतं. म्हणून संध्याकाळ झाली की रंगीत काम डिजिटलकडे द्यायचं, किंवा फिल्मवर ब्लॅक अँड व्हाइट भरायची, किंवा सरळ फ्लॅश मारायचा, कारण फ्लॅशचा रंग दिवसाच्या उजेडासारखाच असतो. फ्लॅश लावताना शटरच्या वेगाची मर्यादा लक्षात ठेवा, लायका एम६ वर १/५० सेकंदाच्या वर जाता येत नाही, कॉन्टॅक्स ६४५ वर १/१२५, आणि हॅसेलब्लाडच्या लीफ शटर (लेन्सच्याच आत बसवलेलं शटर) लेन्सवर थेट १/५०० पर्यंत चालतं.

कुठला क्षण कुठे

एकच प्रश्न विचारायचा: हा क्षण परत करता येईल का? जोडप्याचे पोर्ट्रेट, कपडे, दागिने, फुलं, मांडलेली जागा, तयारी चालू असताना खिडकीशी बसलेलं कुणीतरी, हे सगळं थांबतं, फिल्मसाठी हेच. मुख्य विधी, अचानक आलेले अश्रू, नाच, मोठे ग्रुप फोटो ज्यात कुणा ना कुणाचे डोळे मिटतातच, हे डिजिटलचं. विधीच्या वेळी फिल्म वापरूच नये असं नाही पण आधी डिजिटलवर फ्रेम घेऊन ठेवायची, मग फिल्म. बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांत दोन कार्डं असतात आणि एकच फोटो दोन्हीवर लिहिला जातो, फिल्मच्या फ्रेमची मात्र स्कॅन होईपर्यंत जगात कुठेही दुसरी प्रत नसते. आपल्या फिल्मच्या हौसेची जोखीम जोडप्यावर टाकायची नाही, या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही.

दोन माणसं असतील तर काम फार सुटसुटीत होतं, एकजण पूर्णवेळ डिजिटलवर, दुसरा फिल्मवर आणि मदतनीस रोल भरून देतो. एकट्याने करायचं तर महत्त्वाचं काही सुरू व्हायच्या आधीच रोल बदलावा, चार फ्रेम उरल्या असल्या तरी, वाया गेलेल्या चार फ्रेमचं दुःख थोडं असतं. ३५ एमएम भरल्यावर पहिल्या दोन-तीन फ्रेम पुढे सरकवताना रिवाइंडचा नॉब फिरतोय ना हे बघायचं, फिरत नसेल तर फिल्म पकडलीच गेलेली नाही आणि तुम्ही रिकामेच क्लिक करताय. १२० चा रोल काढताना घट्ट गुंडाळून चिकटवायचा, ढिला राहिला तर कडेने उजेड शिरतो.

अजून एक साधी युक्ती. साध्या फिल्म कॅमेऱ्यात फ्रेमला वेळ चिकटलेली नसते, त्यामुळे नंतर अल्बम लावताना फिल्मचे फोटो कुठे बसवायचे तेच कळत नाही. तर प्रत्येक नवा रोल भरला की त्यावर मार्करने नंबर टाकायचा आणि त्या नंबराचा एक फोटो डिजिटलवर काढून ठेवायचा, वेळ आपोआप नोंदली जाते.

लॅब, स्कॅन आणि रंग जुळवणं

रंगीत निगेटिव्ह सी-४१ या प्रक्रियेत धुतली जाते, ही १९७२ पासून चालू आहे, डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसला आणि वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. मग लॅबवाले बहुतेक करून नोरित्सू एचएस-१८०० किंवा फुजीच्या फ्रंटियर एसपी-३००० वर स्कॅन करतात. एकच निगेटिव्ह दोन मशीनवर वेगळी दिसते, आणि मशीनवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यावरही पुष्कळ अवलंबून असतं, म्हणजे ज्याला आपण फिल्मचा रंग म्हणतो त्यात फिल्म, एक्स्पोजर आणि स्कॅन करणारा असे तिघांचे हात असतात. त्यामुळे एका लग्नाचे सगळे रोल एकाच लॅबला, एकाच स्कॅनरवर द्यावेत.

जुळवताना डिजिटल फाइल फिल्मच्या स्कॅनकडे न्यायची, उलट नाही, कारण स्कॅनमध्ये रंग आधीच बसलेला असतो आणि रॉ फाइल अजून मऊ असते. यासाठी दिवसभरात प्रत्येक वेगळ्या उजेडात एक फ्रेम अशी काढायची की जागा तीच, माणूस तोच आणि दोन्ही कॅमेऱ्यांवर लागोपाठ क्लिक. पुढे एडिटिंगला बसल्यावर हीच जोडी पट्टीसारखी कामाला येते, आधी व्हाइट बॅलन्स, मग त्वचा, मग झाडांचा हिरवा, ग्रेन अगदी शेवटी आणि बेताचा. एका क्लिकवर रंग लावणारे तयार प्रीसेट मिळतात, २०११ साली आलेल्या व्हीएस्कोच्या फिल्म प्रीसेटनी हा प्रकार घरोघरी नेला, पण प्रीसेटला तुमच्या लॅबचा स्कॅन माहीत नसतो.

लेन्सही जुळायला लागते. ६४५ वरची ८० एमएम एफ/२ (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी) ही फुल फ्रेमवर साधारण ५० एमएम एफ/१.२ सारखी दिसते, म्हणून डिजिटलवर ५० ची उघडी लेन्स लावली तर मागची धूसरता दोन्हीकडे सारखी येते. रंग जुळला पण हे नाही जुळलं तर अल्बमची पानं उलटताना खटकतं, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही तरीही खटकतं.

प्रवास असेल तर विमानतळावर रोल हातात वेगळे काढून हाताने तपासायची विनंती करावी, नव्या सीटी स्कॅनरमधून न धुतलेली फिल्म गेली तर धुरकट होऊ शकते. फ्रिजमधले रोल काही तास आधी बाहेर काढावेत नाहीतर दव धरतं.

काही जण याला जोडून सुपर ८ या चलचित्राच्या फिल्मवर छोटा चित्रपटही करतात, ५० फुटांचं कार्ट्रिज सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंदच चालतं. पाहुण्यांच्या टेबलांवर एकदाच वापरायचे कॅमेरे ठेवण्याची पद्धतही आहे, फुजीने असा कॅमेरा १९८६ मध्ये आणला. त्यात शटर ठरलेलं असतं, सेटिंग काही नसतं, म्हणून घराच्या आत फ्लॅश चालू करूनच फोटो काढा असं पाहुण्यांना सांगून ठेवावं लागतं, नाहीतर अर्धा रोल कोरा येतो.

करार करताना किती रोल काढणार, फिल्मचे स्कॅन डिजिटलच्या किती नंतर मिळणार आणि निगेटिव्ह कुणाकडे राहणार हे लिहून घ्यावं. निगेटिव्ह जोडप्याला द्यायची असेल तर आम्लविरहित कप्पे असलेल्या फाइलमध्ये, रोलचे नंबर लिहून द्यावी आणि कोरड्या, थंड जागी ठेवायला सांगावं.